मुंबईचा सिंह आणि खात्याचे टिपण

नगरसेवक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भाषणे, घोषणा आणि सभात्याग येतात. पण त्याचे खरे काम बरेचसे मुकाट्याने, कागदावर चालते. गल्लीतली मोरी रुंद करायची का, नळाला जोड कुठून द्यायचा, रस्ता आता खणायचा की पावसाळ्यानंतर, असे ते लहानसहान ठराव असतात. नगरसेवक काही इंजिनिअर नसतो की आरोग्य अधिकारी नसतो. खात्याचे टिपण समोर येते आणि त्यावर विसंबून तो हात वर करतो. टिपणच चुकीचे असेल तर भला नगरसेवकही चुकतो, आणि तोच रस्ता दोनदा खणला जातो. हा विषय निघाला की मला सर फिरोजशहा मेहता आठवतात.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते विलायतेला गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. त्या वेळी मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्याने चाले. आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर. त्यांच्या हाती अफाट अधिकार होते. देखरेखीला सुमारे पाचशे जस्टिस होते खरे, पण ते सरकारने तहहयात नेमलेले. क्रॉफर्ड यांनी शहर झाडूनपुसून काढले, रस्ते केले, आपण ज्याला क्रॉफर्ड मार्केट म्हणत आलो ते मार्केट उभारले. पण खर्च उत्पन्नाच्या बाहेर गेला आणि करांचा बोजा वाढला. १८७१ मध्ये लोकांचा संताप उसळला.

कमिशनरचे पदच नको, कारभार समितीच्या हाती द्या, अशी मागणी जोरात होती. सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून नेमके उलटे मत मांडले. काम एकाच जबाबदार अधिकाऱ्याने करावे, कारण समितीच्या कारभारात कोणालाच जाब विचारता येत नाही. दोष होता तो देखरेखीचा. जस्टिसांनी वेळीच कागद तपासले नाहीत. म्हणून सभासद करदात्यांनी निवडावेत आणि हिशेबावर नीट नजर असावी. लोकप्रवाहाविरुद्ध असे बोलायला छाती लागते.

पुढे १८७२ चा कायदा बराचसा त्याच वळणाने गेला. ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ चा कायदा घडवताना फिरोजशहा आणि न्यायमूर्ती तेलंग यांचा मोठा वाटा होता. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तिहेरी रचना त्यात पक्की झाली. फिरोजशहा स्वतः १८८४, १८८५ आणि पुन्हा १९०५ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष होते. कायद्याच्या कलमांवर त्यांची हुकमत होती. आकड्यांसाठी दिनशा वाच्छांसारखा जाणकार सहकारी होता. अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागे, ते या तयारीमुळे.

ही तयारी काही गोऱ्यांना खुपली. १९०७ च्या निवडणुकीत त्यांना पाडण्यासाठी बड्या अधिकाऱ्यांनी गट बांधला. जस्टिसांच्या सोळा जागांत त्यांचा क्रमांक लागला सतरावा! पण निवडून आलेला एक सभासद पालिकेचा कंत्राटदार असल्याने अपात्र ठरला आणि फिरोजशहा आत आले. एका नियमाची नीट तपासणी किती मोलाची असते, ते शहराने तेव्हा पाहिले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत लोकांनी त्यांना मुंबईचा सिंह ठरवले होते.

मला त्यांच्या गर्जनेपेक्षा हा समतोल अधिक मोठा वाटतो. अधिकाऱ्याचे काम स्वतः करू नये, पण अधिकाऱ्याचा शब्द न तपासता घेऊही नये. खात्याने खरे लिहावे, न पटणारी बाजूही लिहावी, खर्चाचा अंदाज प्रामाणिक द्यावा. नगरसेवकाने तो वाचावा आणि विचारावे: मोजमाप कोणी घेतले? पाइपलाइन कोणत्या खात्याची? दुसरा पर्याय काय? जाणकार अधिकाऱ्याला असे प्रश्न त्रासदायक वाटत नाहीत. उलट, त्याने खरे सांगितले ते सभागृहात नोंदले जाते आणि पुढे दोष त्याच्या माथी येत नाही.

मार्च २०२२ पासून पुढची काही वर्षे मुंबईत नगरसेवकच नव्हते. टिपण लिहिणारेही प्रशासन आणि मंजूर करणारेही प्रशासनच. क्रॉफर्डच्या काळी जस्टिस निदान नावापुरते तरी होते. विचारणारा नसला की टिपणातली चूक तशीच पुढे सरकते, आणि तिचा भुर्दंड कराच्या बिलातून आपल्या घरी येतो. म्हणून मत मागायला आलेल्या उमेदवाराला आपण एवढे जरूर विचारावे: बाबा रे, सही करण्याआधी कागद वाचशील ना?