सक्करची विहीर

१५ सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, दोन भाषणं ऐकतो आणि समोसा खाऊन रूमवर परततो. मीही तीन वर्षं तेच केलं. कृष्णराजसागर धरण आणि १९५५ चं भारतरत्न, एवढीच माझी माहिती. यंदा ओरलची तयारी करताना त्यांचं सक्करचं काम वाचलं आणि जरा थांबलोच.

जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करत १८८१ मध्ये बंगळूरला बी.ए. केलं. पुढे संस्थानच्या स्कॉलरशिपवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आताच्या सीओईपीत, आले. १८८३ च्या एल.सी.ई. परीक्षेत पहिला नंबर. १८८४ पासून मुंबई सरकारच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनियर. नाशिक, खानदेश झालं आणि मग थेट सिंधमधलं सक्कर. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता.

सक्कर सिंधू नदीच्या काठावर. पाणी भरपूर, पण गढूळ. ते टेकडीवर चढवून नळाने गावाला द्यायचं, तर आधी गाळायला हवं. त्यासाठी फिल्टर बेड हवेत, आणि तेवढे पैसे नगरपालिकेकडे नव्हते.

मित्रांनो, आपण तिथे असतो तर इस्टिमेट परत पाठवून मोकळे झालो असतो! त्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ विहीर खोदली. नदीचं पाणी वाळूतून झिरपत विहिरीत येऊ लागलं, गाळ वाळूतच अडला. आवक वाढावी म्हणून विहिरीपासून पात्राखालून बोगदा नेला. पंपाने ते स्वच्छ पाणी टेकडीवर चढलं. १८९५ पर्यंत काम पूर्ण झालं.

आमच्या गावाकडे उन्हाळ्यात बायका नदीच्या वाळूत झिरा खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. तत्त्व तेच. लहानपणापासून बघतोय, पण फिल्टर बेडची आकृती काढताना तो झिरा कधी आठवला नाही.

पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९६२ मध्ये गेले, तेव्हा वयाची शंभरी उलटली होती. हे सगळं भाषणात येतंच, सक्कर मात्र राहून जातं.

ओरलला सरांनी नेमका फिल्टर बेडच विचारला. आकृती काढली, मार्क मिळाले. खर्च किती येईल, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.