छायागीतात राहिलेला ट्रम्पेट : चिक चॉकलेट

पाश्चात्त्य देशांत दूरचित्रवाणीने जॅझ संगीतावर एक मोठा उपकार करून ठेवला आहे. स्विंगचा बहर ओसरू लागला त्याच सुमारास तिथे घरोघरी दूरचित्रवाणी संच आले आणि काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारखे दिग्गज कॅमेऱ्यासमोर वाजवू लागले. ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस वाहिनीने 'द साउंड ऑफ जॅझ' हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित केला. त्यात लेस्टर यंग सॅक्सोफोनवर चार सुरांची अदाकारी करतात आणि समोर बसलेल्या बिली हॉलिडे मान हलवत ती ऐकतात, हे कृष्णधवल दृश्य आजही रसिक पुन:पुन्हा पाहतात. वादकाचे गाल कसे फुगतात, घाम पुसण्यासाठी रुमाल कधी निघतो, शेजारचा वादक कोणत्या जागेला हसून दाद देतो, हे सारे पाहायला मिळाल्याशिवाय या संगीताचा आनंद पुरा होत नाही.

मुंबईतही असे बँड होते आणि त्यांचा दर्जा हलका नव्हता. पण मुंबईत दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तोवर या शहराच्या स्विंग युगातील सर्वांत लोकप्रिय ट्रम्पेटवादकाला जाऊन पाच वर्षे उलटली होती. त्याचे नाव अंतोनियो झेवियर वाझ. मुंबईकर त्याला ओळखत ते चिक चॉकलेट या नावाने. त्याला डोळ्यांनी पाहायचे असेल तर आज एकच हुकमी जागा उरते आणि ती म्हणजे भगवानदादांचा 'अलबेला'.

चिक चॉकलेट यांचा जन्म १९१६ चा, उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांची राजवट होती आणि चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना संगीताचे धडे मिळत. व्हायोलिन हातात येण्यापूर्वी स्वरलिपी वाचता आली पाहिजे, हा तिथला दंडक. प्रार्थनेच्या वेळी साथ करता यावी एवढाच या शिक्षणाचा हेतू असे. प्रत्यक्षात मात्र त्यातून कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवू शकणाऱ्या वादकांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. गोव्यात त्यांच्या पोटापाण्याची सोय नव्हती. मग मुंबईची वाट धरायची, आपल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुडा'त पथारी टाकायची आणि हॉटेल, क्लब, मूकपटाचे थिएटर, लष्करी बँड असे जिथे मिळेल तिथे काम पाहायचे, हा शिरस्ता होता. वाझ यांच्या आईची इच्छा मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे मिळवून देणारा खात्रीचा हुन्नर शिकावा, अशी होती. त्या काळचा विचार करता तिचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. मुलाच्या डोक्यात मात्र संगीताखेरीज दुसरे काही नव्हते.

पितळी वाद्यांचे हे वेड केवळ गोव्यापुरते नाही. वरसाव्याच्या पुलापलीकडची वसई घ्या किंवा अलीकडचे उत्तन, या किनाऱ्यावरील ख्रिस्ती वस्त्यांमध्ये लग्नाला बँड हवाच. फरक इतकाच, की वरातीपुढचा ट्रम्पेट आणि जॅझमधला ट्रम्पेट यांचे वळण वेगळे. ते दुसरे वळण मुंबईला शिकवले ते अमेरिकेहून आलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी.

१९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाले. त्यांच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. मायदेशात वर्णभेदाचा जाच सोसणाऱ्या या मंडळींना इथे मानाने वागवले जाई. वेदरफर्ड तर भारतातच राहिले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामुळे इथल्या वादकांना जॅझ प्रथमच समोर बसून ऐकता आला आणि काहींना त्यांच्या शेजारी बसून वाजवण्याची संधीही मिळाली. कागदावर लिहिलेले तंतोतंत वाजवणे हे गोव्याच्या शाळेत शिकवले गेले होते. लिहिलेले सोडून द्यायचे आणि तरीही तालात, सुरात परत यायचे, हे या पाहुण्यांनी शिकवले. आपल्याकडील ख्याल गायकीच्या श्रोत्याला ही कल्पना नवी नाही. चर्चच्या शिस्तीत वाढलेल्या वादकाला ती पचवायला मात्र वेळ लागला असणार.

चिक चॉकलेट यांनी आपला आदर्श निवडला होता, तो लुई आर्मस्ट्राँग यांचा. ट्रम्पेटची झळाळती फेक, खरखरीत आवाजातले गाणे, हातातला पांढरा रुमाल, सारे काही त्या थाटाचे. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. आज ही नक्कल वाटेल, पण त्या दिवसांत आर्मस्ट्राँग यांना पाहण्याची सोय हॉलिवूडच्या चित्रपटांपुरतीच होती. एरवी तीन मिनिटांच्या तबकड्यांवर कान लावून सुरावट टिपून घ्यावी लागे. तबकडीवरून स्वर मिळतो, श्वास कुठे घ्यायचा हे मिळत नाही. ते ज्याचे त्याला शोधावे लागते.

चाळीसच्या दशकाच्या मध्यावर चिक चॉकलेट अकरा जणांच्या बँडचे प्रमुख झाले. 'म्युझिक मेकर्स' हे त्या बँडचे नाव. अपोलो बंदरावर ताजच्या शेजारी तेव्हा ग्रीन्स हॉटेल होते. ते पुढे पाडले गेले आणि सत्तरच्या दशकात त्या जागी ताजची उंच इमारत उभी राहिली. या ग्रीन्समध्ये चिक यांचा बँड वाजू लागला. ताजमध्ये मिकी कोरिया यांच्या बँडने १९३९ पासून बस्तान बसवलेले होते. म्हणजे एकाच फुटपाथवर स्विंगचे दोन बँड, आणि दोन्हींचे नेतृत्व गोमंतकीयांकडे.

अकरा जणांचा बँड म्हणजे काय, हे इथे थोडे समजून घ्यायला हवे. पारंपरिक जॅझमध्ये पाच-सहा जण एकाच वेळी वाजवतात. ट्रम्पेट मुख्य चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेल चढवतो आणि ट्रॉम्बोन खालून आधार देतो. बँड मोठा झाला की असे मोकळे वाजवणे गोंगाटाच्या वाटेने जाऊ लागते. म्हणून स्विंगमध्ये वाद्यांचे ताफे केले जातात. सॅक्सोफोनचा ताफा प्रश्न विचारतो, ट्रम्पेटचा ताफा उत्तर देतो आणि खाली ड्रम, बास, पियानो ही मंडळी नाचणाऱ्यांचे पाय हलते ठेवतात. हे सारे आधी लिहून काढावे लागते आणि एकट्याच्या कसबासाठी मधूनच मोकळी जागा सोडावी लागते. लेखन आणि उत्स्फूर्तता यांचा हा मेळ ज्यांना साधला, त्यांचे कसब पुढे हिंदी चित्रपटसृष्टीला हवे झाले.

तशी वेळही आली. १९४७ नंतर इंग्रज गेले आणि नाचगाण्याच्या दालनांचा मोठा आश्रयदाता गेला. १९४९ च्या कायद्याने मुंबई प्रांतात दारूबंदी आली. हॉटेलांतील रात्री आटोपशीर झाल्या. दुसरीकडे दादर, परळ, अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये वाद्यवृंद मोठे होत चालले होते. संगीतकाराला चाल सुचे, ती तो पेटीवर वाजवून किंवा गुणगुणून दाखवी. ती स्वरलिपीत उतरवणे, तिला पूरक स्वरसंगती देणे, दोन कडव्यांमधला वाद्यसंगीताचा तुकडा रचणे आणि प्रत्येक वादकाचा कागद तयार करणे हे काम संयोजकाचे. संयोजकाच्या खुर्चीत बहुधा गोमंतकीय माणूस असे. पडद्यावरच्या नामावलीत त्याचे नाव आलेच तर साहाय्यक म्हणून येई, बहुतेकदा येतच नसे. या अन्यायाची चर्चा अलीकडे होऊ लागली आहे. पन्नाशीच्या दशकात तो कुणाला अन्याय वाटतही नव्हता.

या टप्प्यावर चिक चॉकलेट यांची गाठ पडली ती एका मराठी माणसाशी. अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांना पाश्चात्त्य तालाची विलक्षण ओढ होती. 'शहनाई' (१९४७) मध्ये त्यांनी रविवारच्या भेटीचे जे खट्याळ गाणे दिले, त्याने हिंदी चित्रपटगीताची चालच बदलली. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक झाले. अण्णांच्या चाली मुळात इथल्या मातीतल्या. त्यांना बाँगो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचा साज चढला तो या गोमंतकीय सहकाऱ्यांच्या साथीने. मदन मोहन यांच्यासाठीही चिक यांनी काम केले.

१९५१ मध्ये 'अलबेला' आला. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा पालव, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे. गिरणगावच्या वातावरणात वाढलेला, मारधाडीच्या चित्रपटांत रमलेला नट, नगर जिल्ह्यातला संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवादक अशी ही जमलेली मोट होती. चित्रपट धो धो चालला. त्यातील 'दीवाना परवाना' या गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. अंगात क्यूबन पद्धतीचे झालरीदार सदरे, हातात वाद्ये. पडद्यामागच्या वादकांना पडद्यावर आणण्याचा हा निर्णय कुणाचा होता, हे महत्त्वाचे नाही. तो झाला म्हणून आज काही हाती आहे.

ते गाणे बारकाईने पाहावे. नट वादकाचे सोंग घेतो तेव्हा त्याची बोटे आणि कानावर पडणारा सूर यांचा मेळ बसत नाही, हे आपण शेकडो चित्रपटांत पाहिले आहे. इथे मात्र वाद्य हातात धरण्याची सवय लपत नाही. खांदे कसे सैल आहेत, ट्रम्पेट ओठांना लावण्याआधीची तयारी कशी आहे, ठेक्याबरोबर अंग कसे हलते, यावरून ही माणसे रोज रात्री हेच करत होती हे कळते. कॅमेरा अर्थातच भगवानदादा आणि गीता बाली यांच्यावर अधिक रेंगाळतो. त्याला इलाज नाही. सीबीएसच्या कॅमेऱ्याला वादकच टिपायचे होते, इथे ते नायक-नायिकेच्या मागची सजावट होते. तरी ग्रीन्समधल्या रात्री कशा असतील याचा अंदाज बांधायला एवढे पुरते.

त्याच वर्षी 'नादान' प्रदर्शित झाला. देव आनंद आणि मधुबाला यांच्या या चित्रपटाचे संगीत दिग्दर्शन चिक चॉकलेट यांचे होते, हे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. तलत महमूद यांच्या मुलायम आवाजातले तसबिरीचे ते गीत आजही जुन्या गाण्यांच्या मैफलीत हटकून ऐकू येते. ते गाणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा संगीतकार ट्रम्पेट वाजवणारा हळदोण्याचा माणूस होता हे ठाऊक असेल? त्या गीतात दणदणीत ट्रम्पेट नाही, नाचाचा ठेका नाही. एकाच साच्यात बसवता न येणारा हा कलावंत होता, याचा याहून चांगला दाखला नाही. स्वतंत्र संगीतकार म्हणून मात्र त्यांना फारशी संधी मिळाली नाही. चित्रपटसृष्टीला त्यांचा ट्रम्पेट हवा होता, नाव तितकेसे नको होते.

पुढची वर्षे दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री बँड अशी गेली. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला आणि मुंबईतील रसिक रेडिओच्या खरखरीतून तो ऐकू लागले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक मुंबईत वाजवून गेले, १९६३ मध्ये एलिंग्टन आले आणि १९६४ मध्ये साक्षात आर्मस्ट्राँग. पण तोवर नव्या पिढीच्या हाती गिटार आले होते आणि मोठ्या बँडचा खर्च हॉटेलांना जड होऊ लागला होता.

मे १९६७ मध्ये चिक चॉकलेट यांचे मुंबईत निधन झाले. वय अवघे पन्नाशीचे. आपल्या शहरातील दूरचित्रवाणी त्यांनी पाहिली नाही आणि तिनेही त्यांना पाहिले नाही. मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली ती १९७८ मध्ये, तीही त्यांच्या पश्चात.

१९७२ नंतर मात्र एक गंमत घडली. मुंबई दूरदर्शनच्या 'छायागीता'ने जुनी गाणी घरोघरी पोहोचवली. ज्यांच्या घरी संच होता तिथे शेजारीपाजारी गोळा होत, दारात चपलांचा ढीग पडे आणि 'अलबेला'ची गाणी लागली की लहान मुलेही भगवानदादांसारखे हात हलवत नाचू लागत. ग्रीन्स हॉटेलच्या दारात ज्यांनी कधी पाऊल टाकले नसते, अशा लाखो माणसांनी गिरगाव, लालबाग, ठाण्यातल्या खोल्यांत बसून मुंबईचा तो स्विंग बँड पाहिला. तो कोणता बँड, हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्यांच्या पिढीतील अँथनी गोन्साल्विस यांचे नशीब नेमके उलटे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'तून त्यांचे नाव देशभर दुमदुमले, पण ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे आणि तो दिसतो कसा, याची कुणाला कल्पना नव्हती. गोन्साल्विस यांचे नाव राहिले, चिक यांचा चेहरा राहिला.

२०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक आले आणि मुंबईच्या जॅझ युगाची हकिगत सविस्तर नोंदली गेली. २०१६ मध्ये भगवानदादांच्या आयुष्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला आणि जुन्या 'अलबेला'कडे पुन्हा एकदा नजरा वळल्या. आता ते मूळ गाणे मोबाइलच्या पडद्यावरही केव्हाही पाहता येते. नाचणाऱ्या जोडीवरून नजर थोडी मागे न्यावी. झालरीदार सदरे घातलेला तो ताफा दिसेल. ट्रम्पेट हातात धरलेला, ते चिक चॉकलेट.