स्नायूंचा अभ्यासक ड्यूशेन

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर बूलोन् नावाचे जुने बंदर आहे. तेथील एका दर्यावर्दी घराण्यात १८०६ साली ग्योम ड्यूशेन यांचा जन्म झाला. मुलाने समुद्रावर जावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु मुलाचा ओढा शास्त्राकडे होता. पॅरिसला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते गावी परतले व रुग्णांना औषधोपचार करू लागले. पुढे विवाह झाला; पण बाळंतपणात पत्नी निवर्तली. सासूने दोष त्यांनाच दिला आणि तान्ह्या मुलाला आपल्याकडे ठेवून घेतले. बापलेकांची अशी ताटातूट झाली, ती कित्येक वर्षे टिकली.

वेदना शमविण्यासाठी दुखऱ्या भागात सुया टोचून विजेचा प्रवाह सोडण्याची रीत त्या काळी होती. ती अनुसरताना ड्यूशेन यांच्या ध्यानात आले की, प्रवाह लागताच स्नायू आखडतो. मग सुया कशाला? कातडी कोरडी असेल, तर विजेचा चटका कातडीलाच बसतो; ओलसर गादी लावली, तर प्रवाह आत स्नायूपर्यंत पोहोचतो, असे त्यांना आढळले. फॅरडे यांनी १८३१ साली विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला होता. त्याच तत्त्वावर चालणारे यंत्र त्यांनी वापरले.

१८४२ साली ते पॅरिसला गेले. तेथे त्यांना ना पद होते, ना वशिला. आपले यंत्र घेऊन ते रुग्णालयांतून हिंडत आणि लुळ्या पडलेल्या रुग्णांचा एकेक स्नायू तपासत. कोणी हसत, कोणी टाळत. त्यांनी खेटे थांबविले नाहीत. प्रत्येक स्नायूवर ठराविक जागी प्रवाह दिला, तरच तो चांगला आखडतो, हे त्यांनी दाखविले. सोलापूरजवळच्या होटगी स्थानकावर विजापूर-गदगची वाट मुख्य लोहमार्गापासून फुटते. तशीच मज्जातंतूची शाखा ज्या ठिकाणी स्नायूत शिरते, तीच ही जागा, असा उलगडा पुढे रेमाक या शास्त्रज्ञाने केला.

१८५५ साली ड्यूशेन यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेंदूच्या विकाराने अंग लुळे पडले, तरी स्नायू विजेला ओ देतो. त्याचा मज्जातंतूच नष्ट झाला, तर तो गप्प राहतो. हा भेद रोगनिदानास फार उपयोगी पडला. मात्र विजेने सारेच बरे होते, असे त्या काळी अनेकांना वाटे, ते खरे नव्हते. मेलेला मज्जातंतू विजेने जिवंत होत नाही. स्नायू झिजत जाणाऱ्या मुलांच्या ज्या व्याधीचे ड्यूशेन यांनी १८६८ साली सविस्तर वर्णन केले आणि जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, तिच्यापुढे त्यांचे यंत्रही हतबल होते.

चेहऱ्याच्या स्नायूंवर प्रयोग करण्यासाठी त्यांना एक वृद्ध गृहस्थ लाभला. त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली असल्याने त्याला वेदना होत नसत. त्याच्या मुद्रांची छायाचित्रे ड्यूशेन यांनी १८६२ साली छापली. त्यांतील काही चित्रांचा आधार डार्विन यांनी १८७२ साली आपल्या ग्रंथात घेतला.

दुरावलेला मुलगा एमिल मोठेपणी पित्याकडे परतला व त्यांच्या कामात हातभार लावू लागला. पण हे सुख अल्पकाळचे ठरले. पित्याच्या हयातीतच तो वारला. १८७५ साली ड्यूशेन यांनी पॅरिसमध्ये देह ठेवला. जेथे ते यंत्र घेऊन बिनपदाचे हिंडत, त्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८९७ साली त्यांचे स्मारक उभारण्यात आले.