एका झाडावर विश्वास ठेवू नका!

सिव्हिलवाल्यांनी लाकडाचा आडवा छेद जर्नलमध्ये कधी ना कधी काढलेला असतो. गाभा, वर्तुळं, साल... नावं दिली, सही घेतली, विषय संपला! पण याच वर्तुळांपायी एका माणसाने उभं आयुष्य घालवलं. आणि गंमत म्हणजे तो होता खगोलशास्त्रज्ञ. नाव अँड्र्यू एलिकॉट डग्लस.

जन्म १८६७ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. १८९४ मध्ये पर्सिव्हल लोवेल या धनिकासाठी त्याने अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफ इथे वेधशाळेची जागा शोधली आणि तिथेच नोकरीला लागला. लोवेलला मंगळावर कालवे दिसत होते. कालवे आहेत म्हणजे ते खणणारेही असणार! डग्लसनेही सुरुवातीला तशा रेषा टिपल्या. मग त्याने एक साधा प्रयोग केला. लांबवर कृत्रिम गोल ठेवून ते दुर्बिणीतून पाहिले. नसलेल्या रेषा तिथेही दिसायला लागल्या!

आता गप्प बसला असता तर नोकरी शाबूत होती. पण लोवेल आधी निष्कर्ष ठरवतो आणि मग पुरावे गोळा करतो, असं त्याने लोवेलच्याच मेव्हण्याला पत्राने कळवलं. व्हायचं तेच झालं. १९०१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं.

पोटासाठी त्याने गावातच न्यायाधीशाचं काम केलं, शिकवणं केलं. पण डोक्यातून सूर्य जाईना. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात. त्याचा पावसावर परिणाम होत असेल का? पावसाच्या जुन्या नोंदी तर नाहीत. पण कोरड्या मुलखात जेवढा पाऊस, तेवढी झाडाची वाढ. म्हणजे झाड हीच नोंदवही! फ्लॅगस्टाफभोवती पाँडेरोसा पाइनचं जंगल होतं. १९०४ पासून तो लाकडाच्या वखारीत जाऊन ओंडक्यांची वर्तुळं मोजायला लागला.

पाइन हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी बनवतो. ते फिकट लाकूड. हंगाम सरताना पेशी अरुंद आणि भिंती जाड होतात. तो गडद पट्टा. दोन्ही मिळून एक वर्ष. सोपं आहे ना? पण विकेट इथेच पडते! एकाच झाडातलं लाकूड सगळीकडे सारखं नसतं. गाभ्याजवळची, तरुणपणीची वर्तुळं सहसा रुंद, बाहेरची अरुंद. दुष्काळी वर्षाचं वर्तुळ खोडाच्या एका बाजूला असतं, दुसऱ्या बाजूला चक्क गायब. कधी एकाच वर्षात दोन गडद पट्टे. नुसतं मोजत गेलं की हिशोब चुकलाच म्हणून समजा.

डग्लसचा उपाय सरळ होता. एका झाडावर विश्वास ठेवायचा नाही. रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम अनेक झाडांशी ताडून बघायचा. एकाने गाळलेलं वर्ष दुसरा सांगतो. ज्याने स्वतःच्या डोळ्यांची परीक्षा घेतली होती, तो झाडांना थोडाच सोडणार!

पुढे पुरातत्त्ववाल्यांनी त्याच्याकडे प्राचीन प्युब्लो वस्त्यांमधल्या तुळया आणल्या. जुन्या तुळयांची एक माळ जुळली, पण ती आजच्या झाडांच्या माळेला खात्रीने जोडता येईना. २२ जून १९२९ रोजी शो लो गावात एक जळकी तुळई सापडली, क्रमांक एचएच-३९. त्याच संध्याकाळी डग्लसने दुवा जुळवला आणि इ.स. ७०० पर्यंतचं सलग कॅलेंडर तयार झालं. इतकी वर्षं घोडं अडलं होतं ते १२७६ ते १२९९ च्या मोठ्या दुष्काळाशी. त्या काळातली वर्तुळं फारच बारीक होती.

१९३७ मध्ये टूसॉनच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्याने वृक्षवलयांची प्रयोगशाळा उभी केली. १९६२ मध्ये तो गेला. सूर्यडागांचा पावसाशी असलेला संबंध त्याला शेवटपर्यंत ठामपणे सिद्ध करता आला नाही. म्हणजे मूळ प्रोजेक्ट फेल! पण वर्तुळातल्या सेल्युलोजमध्ये त्या-त्या वर्षीच्या हवेतला कार्बन कैद असतो. म्हणून पुढे कार्बन-१४ पद्धतीची घड्याळं दुरुस्त करायला ब्रिसलकोन पाइनची वर्तुळंच लागली. आपल्या पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेनेही सागाच्या वर्तुळांवरून जुन्या मान्सूनचा माग काढला आहे.

तेव्हा मित्रांनो, लॅबमध्ये हवं ते रीडिंग 'आणताना' डग्लस जरूर आठवा. उत्तर आधी ठरवून आकडे बसवायला त्याने नकार दिला. त्यात नोकरी गेली, पण एक नवं शास्त्र जन्माला आलं.