वाघालाच फोटो काढायला लावणारा माणूस

मार्च २०२१. आपल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यात चक्क वाघ आला! कित्येक दशकांनी. पट्टे जुळवून पाहिले, तेव्हा कळलं की गडी थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलाय. ही कॅमेऱ्याची युक्ती भारतात रुजवली ती शंभर वर्षांपूर्वी एका वन अधिकाऱ्यानं.

त्याचं नाव एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. जन्म १८९३, इंग्लंडमधला. वडील कीटकांचे अभ्यासक, भाऊ हॅरी नामवंत वनतज्ज्ञ. १९१३ मध्ये तो भारतात आला तो पोलीस खात्यात. पहिल्या महायुद्धात लष्करात गेला आणि त्यानंतर संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडच्या वनखात्यात रुजू झाला.

तो काळ शिकारीचा. साहेब म्हटला की मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो हवाच! याला मात्र जिवंत वाघाचा फोटो हवा होता. वाघाच्या वाटेवर तो तार ताणून ठेवायचा. पाय लागला की मॅग्नेशियमची पूड भपकन पेटायची आणि फोटो निघायचा. एका रात्री एकच संधी. कधी पावसानं घोळ, कधी भलतंच जनावर. वर्षानुवर्षं असंच चाललं. अखेर १९२५ मध्ये लंडनच्या एका नामांकित साप्ताहिकानं त्याचे रात्रीचे वाघ छापले. १९२७ मध्ये पुस्तक आलं. ते फोटो पाहून जिम कॉर्बेटलाही कॅमेऱ्याचा नाद लागला.

आता गंमत बघा. फोटो शेजारी ठेवले की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे दिसतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. मोजणीसाठी मात्र आपण पुढची कित्येक वर्षं पावलांच्या ठशांवरच विसंबून राहिलो. २००५ मध्ये सरिस्कानं डोळे उघडले: कागदावर वाघ होते, जंगलात एकही नव्हता!

त्याआधीच, १९९० च्या दशकात, उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरे लावून नवी पद्धत वापरली होती. हिशेब साधा आहे. समजा, पहिल्या फेरीत २० वाघ दिसले. दुसऱ्या फेरीतही २० दिसले, त्यातले १० आधीचेच. म्हणजे पहिल्या फेरीत निम्मेच वाघ सापडले होते. एकूण साधारण ४०. क्षेत्र ८०० चौरस किलोमीटर असेल, तर घनता १०० चौरस किलोमीटरला ५. प्रत्यक्षातलं गणित याहून किचकट असतं, पण गाभा हाच.

२०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि अंदाज आला २,९६७ वाघांचा.

हे पाहायला चॅम्पियन नव्हता. १९४७ मध्ये त्यानं भारत सोडला, पुढे पूर्व आफ्रिकेत काम केलं आणि १९७० मध्ये तो गेला. पण दोस्तांनो, चितेगावहून कधी गौताळ्याला गेलात आणि झाडाच्या खोडाला बांधलेली छोटी पेटी दिसली, तर तिला हात लावू नका. तिच्यासमोरून उद्या कोण जाईल, सांगता येत नाही.