सुट्टीतील पायपीट

धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेताच विधवेशी केलेला विवाह, हिंगण्याची झोपडी आणि महिला विद्यापीठ या तीन गोष्टी सुशिक्षित माणसाला आठवतात. पाठ्यपुस्तकांनी त्या आपल्याकडून पाठच करून घेतल्या आहेत. चौथी एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती म्हणजे कर्व्यांच्या सुट्ट्या. शिक्षक आणि प्राध्यापक या वर्गाला दिवाळीची आणि उन्हाळ्याची अशा दोन भरघोस सुट्ट्या मिळतात, आणि इतर नोकरदारांना त्यांचा हेवा वाटतो. कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. म्हणजे हा हेवा वाटण्याजोगा लाभ त्यांच्याही पदरात होता. त्याचे त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

महाविद्यालय बंद झाले की कर्वे पिशवी उचलून निधीसंकलनाच्या दौऱ्यावर निघत. सत्र चालू असता शिकवायचे आणि सुट्टीत दारोदार फिरायचे, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. हे करणारा माणूस फर्डा वक्ता नव्हता. स्वभाव संकोची, बोलणे हळू, आवेशाचे तर नावच नको. अशा माणसाला अनोळखी घराची पायरी चढून पैसे मागणे किती जड गेले असेल, याची कल्पना वर्गणी मागण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्यालाच येईल.

या सवयीचे मूळ पुष्कळ आधीचे आहे. १८५८ मध्ये जन्मलेले कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. घरची स्थिती ओढग्रस्तीची. १८७५ मध्ये परीक्षेसाठी भर पावसात घाट ओलांडून ते साताऱ्यास पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. मुंबईत शाळा आणि शिकवण्या यांवर संसार चालला होता, तेव्हाच कमाईतला ठराविक हिस्सा परोपकारासाठी बाजूला काढण्याचा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला. १८८६ मध्ये ‘मुरूड फंड’ सुरू झाला. पोटासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी मिळकतीचा अल्पसा अंश गावच्या कामासाठी द्यावा, अशी ती योजना. याच गावाने पुढे १८९३ मध्ये, गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केल्याबद्दल, कर्व्यांवर बहिष्कार टाकला!

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला मुरूड फंडात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथे दान हे मनाच्या उमाळ्यावर सोडलेले नाही. ते उत्पन्नाशी जोडलेले आहे. उमाळा सणासुदीला येतो आणि फराळाचे डबे रिकामे होण्याच्या आत ओसरतो; संस्थेची चूल मात्र बाराही महिने पेटवावी लागते. दिवाळीच्या चार दिवसांत अनाथाश्रमांत मिठाईचे ढीग लागतात आणि पुढे कोणी तिकडे फिरकत नाही, असे आपण दरवर्षी पाहतो. दात्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण हेतूला वेळापत्रक नसते, आणि कर्वे हा तर वेळापत्रकाचा माणूस होता.

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. १९०० मध्ये प्लेगच्या धास्तीने आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे संध्याकाळी चिखलवाटेने हिंगण्यास पायी जात आणि विधवा मुलींना शिकवीत.

या सेवेची किंमत कोणी मोजली? चरित्रकार येथे बहुधा घाईने पुढे सरकतात. बचत आश्रमाला गेली, संध्याकाळी आश्रमाला गेल्या, सुट्ट्याही गेल्या. घरी गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, तुटपुंज्या पैशांत संसार ओढीत होत्या. शिवाय त्या पुनर्विवाहित, म्हणून सनातनी पालकांना बिचकवू नये यासाठी आश्रमापासून त्यांना आरंभी दूरच राहावे लागले. आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी संसाराची ही बाजू मोकळेपणाने मांडली आहे. कर्व्यांच्या थोरवीला त्याने उणेपणा येत नाही. पण त्या थोरवीच्या जमाखर्चात खर्चाची रक्कम कोणाच्या नावे पडली, हे वाचकाला कळते. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही आश्रमाच्या निधीसाठी गावोगाव फिरून आयुष्य वेचले, आणि त्यासाठी अमेरिकेपर्यंत मजल मारली.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात कर्व्यांच्या सहकाऱ्यांनी या संकलनाला भाऊबीजेचे रूप दिले. कल्पना साधी होती. भाऊबीजेला भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो. मग हिंगण्याला शिकणाऱ्या निराधार बहिणींसाठी समाजातील भावांनी तबकात काही टाकावे. दिवाळीत कार्यकर्ते आणि कार्यकर्त्या घरोघर जात. ज्या दिवसांत आपण घरी राहावे, त्याच दिवसांत त्या दुसऱ्यांच्या उंबरठ्यावर उभ्या असत. या कल्पनेतले शहाणपण मोठे आहे. विधवाविवाह ज्याला मुळीच मान्य नाही, अशा गृहस्थालाही बहिणीची ओवाळणी नाकारणे कठीण. रक्कम लहान असल्यामुळे कारकुनाला आणि शाळामास्तरालाही देता येई, आणि सण दरवर्षी येणारच असल्याने देणगीही दरवर्षी अपेक्षिता येई. घेणारीला याचक ठरविण्याऐवजी बहीण ठरविले, हे तर सर्वांत मोलाचे.

याउलट मोठ्या देणगीचा इतिहास पाहावा. १९१६ मध्ये कर्व्यांनी अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांचे दान दिले. त्या काळी ही रक्कम अचाट होती, आणि तिच्यावाचून विद्यापीठ तगले असते का, याची मला शंका आहे. परंतु त्या दानाबरोबर विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचे नाव लागले, आणि पुढे १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणेही पुण्याहून मुंबईला गेले. मोठ्या दानाला अटी असतात आणि त्यात अनुचित काही नाही. भाऊबीजेचा रुपया टाकणाऱ्याला मात्र संस्थेवर हक्क सांगावासा वाटत नाही. पंधरा लाख एका भेटीत मिळू शकतात; तेवढेच पैसे रुपयारुपयाने जमवायचे तर कितीजणांच्या किती दिवाळ्या खर्ची पडतील, याचे गणित ज्याने त्याने करून पाहावे. स्वयंसेवकाचा वेळ ताळेबंदात कुठेच दिसत नाही, म्हणून तो फुकटचा आहे असे आपण समजतो.

कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण होत असता, भारतरत्न मिळाले आणि १९६२ च्या ९ नोव्हेंबरला ते निवर्तले. या मानसन्मानांपेक्षा मला १९३६ हे साल अधिक बोलके वाटते. वय अठ्ठ्याहत्तर. युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका पालथी घालून झालेली. विद्यापीठ आता इतरांच्या हाती. नोकरी सुटून बावीस वर्षे झाली होती, म्हणजे आयुष्याला आता सुट्टीच सुट्टी होती. त्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती, तेथे शाळा काढावी आणि मास्तरांचा पगार वर्गणीतून भागवावा, एवढाच त्याचा उद्देश. स्वतःच्या निवृत्तिवेतनातला वाटा त्यांनी आधी घातला. मग पुण्याच्या पेठांतून दारोदार पायी हिंडून ते लोकांकडून पै पैसा गोळा करू लागले.