भास्कराचार्य : सहा चवींचे गणित

भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. त्यात प्रश्न आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतून तीन चवी किती प्रकारे निवडता येतील? यादी करत बसायला नको. ६×५×४ ला १×२×३ ने भागा, उत्तर २०. नाणे सहा वेळा उडवून नेमके तीन छापे येण्याचे प्रकारही २०च. एकूण प्रकार ६४, म्हणून संभाव्यता २०/६४, म्हणजे ५/१६. ही विद्या पुढे शिकवली जावी म्हणून नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला मठ स्थापला. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे.